न्यायाधीशाला मत देताना

माझे बाबा नागपूरच्या न्यायालयात तीस वर्षे कारकून होते. न्यायाधीश बदलीवर येत आणि बदलीवर जात, हे त्यांनी जन्मभर पाहिले. म्हणून २०१८ साली मी त्यांना फोनवर सांगितले की, आमच्या सांता क्लारा काउंटीत एका न्यायाधीशाला पदावरून दूर करायचे की नाही यावर मतदान आहे, तेव्हा ते क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "जज निवडून येतात का तिकडे? मग ते कोणाचे माणूस राहतात, बेटा?"

त्या दिवशी मला उत्तर देता आले नाही.

प्रकरण सर्वांना ठाऊक आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या आवारात एका बेशुद्ध तरुणीवर लैंगिक अत्याचार करणाऱ्या विद्यार्थ्याला सरकारी वकिलांनी सहा वर्षांची शिक्षा मागितली होती. न्यायाधीश एरन पर्स्की यांनी २ जून २०१६ रोजी सहा महिन्यांची दिली, आणि त्यातले तीनच महिने त्याने भोगले. संतापाची लाट उसळली. ती न्याय्यच होती, असे मला तेव्हा वाटले आणि आजही वाटते.

परंतु या न्यायाधीशांचा निवडणुकीचा इतिहास वाचला, तेव्हा मी चकित झाले. २००२ साली ते सुपीरियर कोर्टाच्या जागेसाठी उभे राहिले आणि हरले. पुढच्याच वर्षी राज्यपालांनी त्यांना नियुक्त केले. कॅलिफोर्नियात अशा न्यायाधीशाची मुदत सहा वर्षांची असते. मुदत संपताना विरोधात कोणीच उभे राहिले नाही, तर त्याचे नाव मतपत्रिकेवर छापलेदेखील जात नाही. तो आपोआप निवडून आला असे मानतात. २०१६ ची निवडणूक त्या शिक्षेनंतर अवघ्या पाच दिवसांनी होती. विरोधक नव्हता, पर्स्की बिनविरोध परतले. म्हणजे मतदारांनी त्यांना पूर्वी नाकारले होते, आणि ज्या क्षणी लोक सर्वाधिक संतापले होते, त्या क्षणी मतपत्रिकेवर त्यांचे नावच नव्हते. अखेर ५ जून २०१८ रोजी साठ टक्क्यांहून अधिक मतदारांनी त्यांना पदच्युत केले. कॅलिफोर्नियात १९३२ नंतर असे प्रथमच घडले.

माझे पती नागरिक असल्यामुळे त्यांना मत होते, मला नव्हते. त्यांनी काढण्याच्या बाजूने मत दिले. मला मत असते तर मीही तेच केले असते. पण याच काउंटीत पूर्वी न्यायाधीश राहिलेल्या लाडोरिस कॉर्डेल या कृष्णवर्णीय विदुषीने या मोहिमेला जाहीर विरोध केला होता. न्यायाधीश लोकक्षोभाला घाबरू लागला तर न्यायालयाचे स्वातंत्र्य उरत नाही, हे त्यांचे म्हणणे होते. ते वाचताना बाबांचा प्रश्न पुन्हा आठवला, आणि त्याबरोबर महाड आठवले.

आपण २० मार्च १९२७ आणि २५ डिसेंबर १९२७ हे दिवस साजरे करतो. या दोहोंच्या मध्ये एक न्यायालय उभे आहे, त्याची आठवण आपण क्वचितच काढतो. महाडच्या सवर्णांनी बाबासाहेबांवर आणि त्यांच्या सहकाऱ्यांवर दिवाणी दावा दाखल केला आणि १४ डिसेंबरला तिथल्या न्यायालयाने तात्पुरता मनाईहुकूम दिला. बाबासाहेबांनी तो पाळला. तळ्याचे पाणी त्या वेळी घेतले गेले नाही. फेब्रुवारी १९२८ मध्ये मनाई उठली आणि जून १९३१ मध्ये त्याच न्यायालयाने निकाल आपल्या बाजूने दिला. तो निकाल मुंबई उच्च न्यायालयात १७ मार्च १९३७ रोजी कायम झाला.

आता कल्पना करावी. महाडच्या त्या न्यायाधीशाला १९३१ साली गावच्या मतदारांपुढे मत मागायला जायचे असते, तर त्याची लेखणी तशीच चालली असती काय? भारतीय संविधानाने जिल्हा न्यायाधीशाची नेमणूक राज्यपालाकडे, उच्च न्यायालयाच्या सल्ल्याने, सोपवली, मतपेटीकडे नव्हे. त्याच वेळी बाबासाहेब न्यायाधीशांचे भक्तही नव्हते. सरन्यायाधीशाच्या संमतीशिवाय नेमणूकच होऊ नये, ही सूचना त्यांनी २४ मे १९४९ रोजी संविधान सभेत अमान्य केली. कारण सरन्यायाधीशही इतरांसारखाच, पूर्वग्रह असलेला माणूस असतो.

हा प्रश्न आपल्यासाठी केवळ इतिहासाचा नाही. एका दलित अभियंत्याशी जातीवरून भेदभाव झाल्याच्या आरोपावरून राज्याच्या यंत्रणेने सिस्को कंपनीविरुद्ध २०२० साली दाखल केलेला दावा आधी संघीय न्यायालयात होता. त्याच वर्षी तो मागे घेऊन सांता क्लाराच्या सुपीरियर कोर्टात नव्याने दाखल झाला. म्हणजे जात म्हणजे काय, हे या काउंटीत ज्याला समजावून सांगायचे, तो न्यायाधीश मतदारांना उत्तरदायी असतो. त्या मतदारांत भारतीय वंशाचे लोक पुष्कळ आहेत, आणि त्यांच्यात आपण मूठभर. बहुसंख्येच्या मर्जीवर बसलेला न्यायाधीश आपल्याला किती परवडेल?

मार्च २०२४ मध्ये मी प्रथमच मत दिले. राष्ट्राध्यक्षपदाची नावे ओलांडून मी न्यायाधीशांची नावे शोधली. काउंटीतील बहुतेक न्यायाधीशांचा त्यात मागमूस नव्हता. तेव्हा ध्यानात आले की, इथे भीती दुहेरी आहे. लोक जागे झाले तर न्यायाधीश घाबरतो. लोक झोपले तर कोणी त्याच्याकडे पाहतच नाही.

बाबांना मी आता असे उत्तर देते: तो कोणाचाच माणूस असू नये, यासाठी आपण पाहत राहायचे असते. न्यायाधीश निवृत्त होऊन जागा खुली होते आणि दोन उमेदवार उभे राहतात, तेव्हा मतपत्रिकेचा तो भाग कोरा सोडू नये. उमेदवाराने वकील म्हणून कोणाची बाजू मांडली, हे वाचावे. त्यांच्या सभेत जाऊन, जातीचा भेदभाव आपण जाणता काय, एवढे विचारावे. एका निकालाच्या रागात न्यायाधीश बदलण्यापेक्षा हे काम संथ आहे. पण महाडचा खटलाही नऊ वर्षांहून अधिक काळ चालला होता.

जय भीम.