एका वेळी एकच सूर

बालदोस्तांनो,

शाळेच्या समूहगीतात उभं असताना "तू गाऊ नकोस, नुसते ओठ हलव" असं तुमच्यापैकी किती जणांना कुणीतरी सांगितलंय? खरं सांगा हं! हात वर करायला लाजू नका. चौथीतल्या एका मुलीला असं सांगणारी बाई मीच होते. ती माझी चूक होती, आणि ती माझ्या लक्षात आणून दिली एका छोट्याशा डबीनं. कशी, ते आज सांगते.

माझा धाकटा भाऊ इलेक्ट्रिक गिटार वाजवतो. त्याच्याकडे बघून मीही थोडीफार शिकले. नोकरीसाठी तो परगावी गेला तेव्हा जुनी गिटार, छोटा अँप्लिफायर आणि एक डबी माझ्याकडे ठेवून गेला. आकारानं साबणाच्या वडीपेक्षा थोडी मोठी, वर पायानं दाबायचं बटण, तीन फिरकीच्या चाव्या आणि दोन्ही बाजूंना वायर खोचायची भोकं. गिटारवाले अशा डबीला पेडल म्हणतात.

आता तुम्ही विचाराल, गिटारला डबी कशाला हवी? सांगते. बहुतेक इलेक्ट्रिक गिटारचं पोट पोकळ नसतं. नुसती वाजवली तर ती डासासारखी गुणगुणते! पण तिच्या तारांखाली लोहचुंबक आणि तांब्याच्या बारीक तारेचं वेटोळं बसवलेलं असतं. त्याला पिकअप म्हणतात. वरची पोलादी तार थरथरली की त्या वेटोळ्यात तश्शीच थरथरणारी वीज तयार होते. ती वायरमधून अँप्लिफायरकडे जाते आणि आपल्याला आवाज ऐकू येतो. या वाटेवर मध्येच एखादी डबी जोडली, की विजेचं रूप पालटतं आणि आवाजही पालटतो. एखादी डबी आवाज खरखरीत करते, एखादी त्याचा प्रतिध्वनी काढते. वाजतोय तो सूर कोणता, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसतं. काही डब्यांचं सगळं काम मात्र सुराच्या उंचीवर चालतं. माझ्या भावाची डबी त्यांतली.

सुराची उंची म्हणजे तार सेकंदाला किती वेळा थरथरते, तो आकडा. गिटारची सगळ्यात जाड तार मोकळी छेडली तर सेकंदाला सुमारे ८२ वेळा थरथरते. तिच्या शेजारची ११० वेळा, आणि सगळ्यात बारीक तार सुमारे ३३० वेळा. आता गंमत बघा. हा आकडा दुप्पट केला, की तोच सूर वरच्या सप्तकात ऐकू येतो. निम्मा केला, की खालच्या सप्तकात. मधला सा आणि वरचा सा यांत एवढाच फरक!

मग डबी हा आकडा बदलते कशी? त्यासाठी एक प्रयोग करू. पातळ कागदावर पट्टीनं एक आडवी रेघ मारा. तिच्या वर-खाली जाणारी नागमोडी रेषा काढा. वर डोंगर, खाली दरी, पुन्हा डोंगर, पुन्हा दरी. ही झाली आपली ध्वनिलहर. आता त्या आडव्या रेघेवरच कागदाची घडी घाला आणि खिडकीच्या काचेला लावून उजेडात बघा. दऱ्या उलट्या होऊन डोंगरांच्या मधे बसलेल्या दिसतील. दोन डोंगर होते तिथे चार झाले! सूर वरच्या सप्तकात नेणाऱ्या जुन्या डब्या नेमकी हीच घडी घालतात, फक्त विजेची.

अशीच एक डबी लंडनमध्ये रॉजर मेयर नावाच्या तंत्रज्ञानं तयार केली. या माणसानं आधी ब्रिटिश नौदलासाठी आवाज आणि कंपनं यांच्या संशोधनाचं काम केलं होतं. त्याची ही डबी अमेरिकन गिटारवादक जिमी हेंड्रिक्सनं १९६७ मध्ये 'पर्पल हेझ' या गाण्यात वापरली. त्या गाण्यातली गिटार मधेच किंचाळून वर उडाल्यासारखी वाटते, ती करामत या घडीची.

खाली नेणारी डबी वेगळी. तुमच्या दप्तरात बटणाचं बॉलपेन असेल ना? काढा बरं. एकदा टिक केलं की टोक बाहेर, पुन्हा टिक केलं की टोक आत. म्हणजे तुम्ही बटण दोनदा दाबता तेव्हा टोकाची एक फेरी पुरी होते. डबीत असंच एक विजेचं बटण असतं. तारेच्या प्रत्येक थरथरीला ते एकदा दाबलं जातं. तार ११० वेळा थरथरली, तर बटणाच्या फेऱ्या होतात ५५. झाला सूर खालच्या सप्तकात! आजकालच्या डब्यांत छोटा संगणकच असतो. तो आवाज साठवून घेऊन हिशेबानं खाली-वर करतो. पण सुराची उंची बदलायची, हे काम तेच.

'द व्हाइट स्ट्राइप्स' या अमेरिकन बँडचं 'सेव्हन नेशन आर्मी' हे २००३ चं गाणं तुमच्यापैकी काहींनी ऐकलं असेल. परदेशातले फुटबॉलचे प्रेक्षक त्याची सुरावट मैदानात एकसुरात गातात. ती घनगंभीर सुरावट ऐकून सगळ्यांना वाटतं, ही बास गिटार आहे. पण त्या बँडमध्ये माणसंच होती दोन! मेग व्हाइट ड्रम वाजवायची आणि जॅक व्हाइट गिटार. त्यानं साधीच गिटार 'व्हॅमी' नावाच्या पेडलमधून एक सप्तक खाली उतरवली होती.

आता आमच्या शाळेत या. स्नेहसंमेलनाला पंधरा दिवस राहिले होते. चौथीची बावीस मुलं समूहगीत गाणार होती. बास वाजवायला येणारा आमचा माजी विद्यार्थी म्हणाला, "बाई, माझी बारावीची परीक्षा आहे, जमणार नाही." मी मनात म्हटलं, काही अडत नाही! जॅक व्हाइटला जमतं ते आपल्याला का जमू नये?

रात्री जेवणं उरकल्यावर डबी जोडली, बटण दाबलं आणि ऐटीत सगळ्या तारा एकदम छेडल्या. अरे देवा! हंडीत पिठलं रटरटावं तसा आवाज आला. गुडगुड, भुर्रर्र, मधेच चीं! बॅटरी बदलली, वायर बदलली, डबीला दोन चापट्याही मारल्या. तेच! शेवटी भावाला फोन लावला. "तुझी डबी बिघडलीय रे," मी सरळ सांगून टाकलं.

तो हसला. "ताई, किती तारा वाजवतेस?"

"सगळ्या."

"मग ती बिचारी ऐकणार कुणाचं? एकच तार वाजव. बाकीच्या तळहातानं दाबून गप्प ठेव. दांडीजवळचा पिकअप लाव आणि टोनची चावी कमी कर."

तसं केलं आणि काय सांगू! गोल, भरदार, खालचा सूर घरभर घुमला. कपाटाची काचसुद्धा थरथरली.

असं का झालं असेल? बॉलपेन आठवा. एकच माणूस टिकटिक करत असेल तर हिशेब चुकत नाही. सहा जणांनी एकाच पेनावर एकदम बोटं चालवली तर? टोक कधी आत, कधी बाहेर, काही ताळतंत्रच नाही! शिवाय एका तारेच्या आवाजातही मूळ सुराबरोबर बारीक वरचे सूर मिसळलेले असतात. कधीकधी डबी त्यांनाच मोजत बसते. दांडीजवळच्या पिकअपला मूळ सूर जास्त ठळक मिळतो. टोनची चावी कमी केली की वरच्या सुरांची कुजबुजही मंदावते. आणखी एक. जाड तारेची एक थरथर पुरी व्हायला सेकंदाचे बारा हजारांश भाग लागतात, बारीक तारेला जेमतेम तीन. म्हणून जाड तारेवर डबी जरा अडखळते. मग युक्ती अशी, की वाजवायचं वरच्या बाजूला आणि खाली उतरवायचं काम डबीवर सोपवायचं.

हे जमलं की खरी मजा सुरू होते. मूळ सूर किती आणि खालचा किती, हे दोन वेगळ्या चाव्यांनी ठरवता येतं. चहात दूध घालावं तसं! खालचा थोडासाच मिसळला तर गिटार जाडसर होते, सगळाच खालचा ठेवला तर बास. काही यंत्रांत तर सुराच्या हुकमानं आवाजाची चाळणीही उघडते आणि मिटते. खालच्या सुराला चाळणी बारीक, वरच्या सुराला मोठी. त्यामुळे वरचे सूर घुसमटत नाहीत. अमेरिकेच्या पॅट मेथेनीनं १९८२ च्या 'ऑफरँप' या अल्बमात जपानी रोलँड कंपनीचं गिटार सिंथेसायझर वाजवलं. त्यात तर सहा तारांसाठी सहा वेगवेगळे कान होते! म्हणजे प्रत्येक तारेचं म्हणणं स्वतंत्र ऐकायचं. आताच्या कित्येक डब्यांना एका वेळी अनेक सूरही झेपतात. माझ्या जुन्या डबीला मात्र एकच.

त्या रात्री गिटार खोळीत ठेवताना माझा हात थांबला. सहा तारा एकदम छेडून मी डबीला बिघडलेली ठरवली होती. आणि दुसऱ्या रांगेतल्या त्या मुलीला? बावीस जणांच्या कल्लोळात उभं करून तिचा सूर उतरतो म्हणाले आणि तिचे नुसते ओठ हलवले. तिला एकटीला मी एकदाही ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिला बोलावलं. ती दारातच थांबली. म्हणाली, "बाई, आज ओठ हलवू की गाऊ?"

काय उत्तर देणार? म्हटलं, "गा."

पेटीवर काळी पाचचा सा दिला. तिचा सूर खालीच लागला. मीही मग एक एक पट्टी खाली येत गेले. काळी दोनला आले आणि तिचा सा नेमका, सरळ, स्वच्छ लागला. पेटी थांबवली तरी तो तसाच टिकला! सगळं गाणं मी माझ्या सोयीच्या उंच पट्टीत बसवलं होतं. तिच्या गळ्याला ती झेपत नव्हती, आणि एवढ्या आवाजात तिचा स्वतःचा आवाजही तिला ऐकू येत नव्हता. रोज मधल्या सुट्टीत आम्ही दहा मिनिटं बसू लागलो. एका वेळी एकच सूर. समूहगीताची पट्टीही मी खाली आणली. आणि काय आश्चर्य, आणखी तीन-चार मुलांचे आवाज मोकळे झाले. आजवर तेही गपचूप ओठच हलवत होते की काय, कुणास ठाऊक!

संमेलनाच्या दिवशी ती गायली. दुसऱ्या कडव्यात तिचा सूर एकदा घसरला. शेजारणीकडे कान देऊन तिनं तो सावरला. त्याच कडव्यात माझ्याकडून चुकून दोन तारा वाजल्या आणि माझी डबीही एकदा गुडगुडली. तिनं गाता गाता माझ्याकडे बघितलं आणि हसली. मीही हसले.

तेव्हा दोस्तांनो, आधी कागदाची ती घडी घालून बघा. आणि तुमच्या वर्गात कुणी नुसते ओठ हलवत असेल, तर मधल्या सुट्टीत त्याच्याजवळ जाऊन बसा. एकच सूर द्या, आणि नीट कान देऊन ऐका.

तुमची,
बाई