टायरला मेकअप

मंडळी, एकदा आपल्या कॉलेजच्या पार्किंगमध्ये फेरी मारा आणि फक्त टायर बघा. गाडी कितीही लख्ख धुतलेली असो, टायर तपकिरी आणि मळकट असले की तिची सगळी रयाच जाते. म्हणून तर जुनी गाडी विकायला काढली की सगळ्यात आधी टायरला काळं फासतात. काळं फासल्यावर इज्जत वाढते असं हे बहुधा एकमेव उदाहरण!

मी या धंद्यात पडलो २०२४ च्या मे महिन्यात. चुलत बहिणीचं लग्न चिपळूणला आणि काका राहतात कराडला. काकांची २००८ ची मारुती ८००, पंधरा वर्षं झाल्यावर पुन्हा पासिंग करून आणलेली. "हिच्यातूनच तिला शाळेत सोडलंय, मांडवातही हिच्यातूनच सोडणार," असं काकांनी जाहीर केलं. मी मेकॅनिकलला, म्हणून टायरचं खातं माझ्याकडे आलं. बजेट रुपये दोनशे फक्त.

"लोक नवरी बघायला येणार, टायर नाही," काका म्हणाले.

"मग दोनशे तरी कशाला?" इति काकू.

आता कृती. नव्वद टक्के काम साबणाचं आहे. भांड्यांचा लिक्विड साबण, कपड्यांचा कडक ब्रश आणि बादलीभर पाणी. पहिल्यांदा चहासारखा तपकिरी फेस येतो. तो पांढरा येईपर्यंत घासायचं, मग टायर पूर्ण वाळू द्यायचा. त्यानंतर मेडिकलमधून ग्लिसरीनची बाटली आणायची, निम्मं पाणी मिसळायचं, स्पंजने टायरच्या फक्त बाजूला लावायचं आणि दहा मिनिटांनी फडक्याने पुसायचं. शोरूमसारखा भडक चकचकाट येत नाही, पण छान गडद काळा रंग येतो. एका पावसात तो धुऊन जातो हेही सांगून ठेवतो. रस्त्याला टेकणाऱ्या भागाला मात्र ग्लिसरीन, पॉलिश काहीही लावायचं नाही. बाईकवाल्यांनी तर अजिबात नाही, वळणावर टायरची तीच कड रस्त्याला लागते.

शेजारच्या एका काकांनी डिझेलचा बोळा फिरवायचा सल्ला दिला. पूर्वापार चालत आलेला सल्ला आहे आणि चमक झटकन येते हेही खरं. पण डिझेल, रॉकेल रबरात मुरतं, त्याने रबर फुगतं आणि मऊ पडतं. नको.

टायर तपकिरी का होतो, याचं उत्तर मला भारी वाटलं. हवेतला ओझोन रबराला भेगा पाडतो. म्हणून रबरात आधीच एक रसायन घातलेलं असतं. ते हळूहळू पृष्ठभागावर येतं, ओझोनशी स्वतः झुंजतं आणि झुंजून तपकिरी होतं. म्हणजे आपण ज्याला मळ म्हणतो त्यातला बराचसा भाग त्या पहारेकऱ्याचा असतो. गाडी चालते तेव्हा टायर दबतो, सुटतो आणि हा माल बाहेर येत राहतो. उभ्या गाडीत ते नीट होत नाही, म्हणून न वापरलेल्या टायरलाही भेगा पडतात. (काळा रंगसुद्धा टायरचा जन्मजात नाही, तो कार्बन ब्लॅकमुळे येतो. मिशलिनचा तो गुबगुबीत माणूस १८९८ चा, आणि तेव्हा टायर काळे नसायचे म्हणून तो पांढरा!)

पुढचे दोन टायर २०२१ चे निघाले, धुतल्यावर झकास दिसले. मागचे दोन धुतले आणि मळाखालच्या बारीक भेगा उघड्या पडल्या. त्यातला एक तर मधोमध जवळजवळ गोटा झालेला. खाचांच्या तळाशी रबराचे छोटे आडवे उंचवटे असतात, कारच्या टायरला १.६ मिलिमीटरचे. टायर झिजत त्यांच्या बरोबरीला आला की संपला. हा आलाच होता.

"मग स्टेपनी लाव की," काका म्हणाले. "नवीकोरी आहे."

खरंच होती! खाचा पूर्ण, रंग काळाभोर. साबणसुद्धा लागला नसता. मी आकडा शोधला. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. बऱ्याचदा ते एकाच बाजूला असतात, आणि नेमकी तीच बाजू गाडीखाली जाते. स्टेपनीवर होतं ४७०८. म्हणजे २००८ चा सत्तेचाळिसावा आठवडा. मी बालवाडीत होतो तेव्हाचा टायर!

मिशलिन, काँटिनेंटल यांसारख्या कंपन्या सांगतात, की दहा वर्षं झाली की खाचा शाबूत असल्या तरी टायर बदला, आणि त्यात स्टेपनीही धरतात. 'फास्ट अँड फ्युरियस'वाला पॉल वॉकर २०१३ मध्ये ज्या पोर्शेत गेला, तिच्या अपघाताचं कारण अतिवेग होतं. पण तिचे टायर नऊ वर्षांहून जुने होते, हेही तपासात नोंदवलं गेलं.

हे मी काकांना सांगितलं. "आपली काय पोर्शे आहे?" ते म्हणाले. बरोबर होतं. पण मे महिन्याचं ऊन, पाच माणसं, डिकीत रुखवताचं सामान आणि समोर कुंभार्ली घाट. मी एवढंच विचारलं, "काका, मागच्या सीटवर कोण बसणार आहे?" ते काही बोलले नाहीत. हॉल, केटरर, सोनं यात पैसे कसे अडकले होते ते मलाही दिसत होतं.

सकाळी सातला त्यांनीच मला उठवलं. दोन नवे टायर घेतले, पाच हजारांच्या पुढे गेले. दुकानदार सवयीने ते पुढे बसवायला लागला. मी मागे बसवायला लावले. ओल्या रस्त्यावर पुढची चाकं सरकली तर ते स्टिअरिंगवर कळतं आणि सावरताही येतं. मागची सरकली तर गाडी गर्रकन फिरते. मागच्या जुन्यांपैकी बरा होता तो स्टेपनी झाला, अगदीच अडलं तर गॅरेजपर्यंत हळूहळू जाण्यापुरता.

उरला तो २००८ चा. दुकानदाराने तो फिरवून पाहिला, खाचांत बोट घातलं आणि म्हणाला, "हा मला द्या, तीनशे देतो."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मग दुकानदाराकडे सुरी मागितली आणि टायरच्या बाजूला आरपार दोन चिरा मारल्या. "आता द्या किती देताय ते," म्हणाले.

त्याने काहीच दिलं नाही. त्या तीनशे रुपयांवरून काकू अजून बोलतात.