बाजारभावाचा आलेख आणि मधली एक फाइल

खामगावात आमचं वेबसाइट बनवण्याचं छोटं काम चालतं. २०२१ च्या सुरुवातीला चिखली तालुक्यातल्या एका शेतकरी कंपनीची वेबसाइट आमच्याकडे आली. चिखली, खामगाव आणि मलकापूर बाजार समित्यांचे सोयाबीनचे दर तिच्यावर चढायचे: किमान, कमाल, सर्वसाधारण आणि आवक. दराचा आलेख 'चार्ट.जेएस' या मोफत जावास्क्रिप्ट लायब्ररीतून निघायचा. सगळं आधीच कुणीतरी बनवलेलं होतं.

एप्रिलमध्ये एका शेतकऱ्याचा फोन आला. "भाऊ, भाव येवढा चढला काय? माल आणू का आज?" मी पान उघडलं. रेघ तळातून थेट माथ्याला गेलेली. खाली आकडे पाहिले तर क्विंटलमागे वाढ शंभरेक रुपयांची. त्यांना तसं सांगितलं, पण तोवर त्यांनी गाडी ठरवलेली होती. मला फार वाईट वाटलं. आलेख पाहून माणूस माल बाहेर काढतो, हे तोपर्यंत इतकं जवळून कळलं नव्हतं.

कारण शोधलं. पानावर लायब्ररीची लिंक व्हर्जनच्या आकड्याशिवाय दिलेली होती, त्यामुळे ब्राउझर नेहमी सर्वांत नवी प्रत आणायचा. त्याच महिन्यात लायब्ररीचं तिसरं व्हर्जन आलं. उभा अक्ष शून्यापासून सुरू करा, ही सूचना दुसऱ्या व्हर्जनमध्ये एका पद्धतीने लिहायची आणि तिसऱ्यात वेगळ्या. बदल लायब्ररीच्या माहितीपत्रकात नीट लिहिलेला होता. पण जुनी सूचना लागू झाली नाही तरी पान बंद पडत नाही, आलेख निघतोच. अक्ष सहा हजारांच्या आसपास सुरू झाला आणि शंभर रुपयांचा डोंगर दिसू लागला. बंद पडलेलं पान परवडलं, निदान कुणी त्यावर विसंबत नाही.

त्या दुपारी लिंकमध्ये २.९.४ हा आकडा टाकला. आलेख पूर्ववत झाला.

पण लायब्ररीला दिलेल्या सूचना प्रत्येक पानावर चिकटवलेल्या होत्या. सोयाबीनच्या, तुरीच्या, कापसाच्या, सगळ्या. म्हणून मध्ये एक फाइल घातली, रॅपर. पानांनी फक्त एवढंच सांगायचं: बाजार कोणता, तारखा कोणत्या, दर किती, हमीभाव किती. लायब्ररीचं नाव त्या एका फाइलशिवाय कुठेही येऊ द्यायचं नाही.

रॅपरमध्ये काय ठेवायचं हे आमच्या अडचणींनीच ठरवलं. अक्ष शून्यापासून, हे पक्कं. पानाला ते बदलता येत नाही. हमीभावाची आडवी रेघ कायम, त्या हंगामात ३८८० रुपयांची. बाजार बंद असला की जुन्या पानांवर दर शून्य भरलेला असायचा आणि रेघ धाडकन खाली यायची. आता तिथे रिकामी जागा सोडतो. बाजार बंद होता हे दिसलं पाहिजे, म्हणून दोन टोकं जोडत नाही.

आकड्यांनी बराच वेळ खाल्ला. दर भरणारी ताई मराठी कीबोर्डवरून '६२५०' टाइप करायची. जावास्क्रिप्टला देवनागरी अंक संख्या म्हणून वाचता येत नाहीत. ते आत घेताना बदलणं रॅपरकडे दिलं. दाखवताना मात्र भाषा 'एमआर-आयएन' दिली की ब्राउझर स्वतःच देवनागरी अंक काढतो. अक्षरांनीही वेळ खाल्ला. आलेखातली अक्षरं चित्रासारखी उमटतात, आणि मुक्ता फॉन्ट उतरायच्या आधी आलेख निघाला तर ती फोनच्याच फॉन्टमध्ये राहतात. म्हणून रॅपर फॉन्ट येईपर्यंत थांबतो.

बाजार बदलला की जुनी पानं त्याच जागी नवा आलेख काढायची. जुना खाली तसाच राहायचा आणि बोट फिरवलं की मलकापूरच्या आलेखावर चिखलीचा दर चमकायचा. रॅपर आलेख एकदाच बनवतो, नंतर फक्त आकडे बदलतो.

लायब्ररीतली प्रत्येक सोय रॅपरमधून मिळावी, असा आमच्या सहकाऱ्याचा आग्रह होता. मी नको म्हटलं. तसं केलं असतं तर आणखी एक लायब्ररी सांभाळावी लागली असती, तीही माहितीपत्रकाशिवाय. जे दोन पानांवर लागतं तेवढंच आत घेतलं. फाइल साठेक ओळींची झाली.

मग तिसऱ्या व्हर्जनवर निवांत गेलो. रेघेखालचा रंग आता आपोआप येत नाही, तो मागून घ्यावा लागला. २०२२ च्या नोव्हेंबरात चौथं व्हर्जन आलं, तेव्हा लिंक आणि ती एक फाइल एवढंच बदललं. बदल चढवायच्या आधी मी ठरावीक आकड्यांचा आलेख जुन्या-नव्या दोन्ही व्हर्जनमध्ये काढून शेजारी ठेवतो आणि सर्वांत आधी उभ्या अक्षाचा तळ पाहतो.