चुलीविना मेजवानी

कच्चे जेवण म्हटले, की शहरातले महागडे उपाहारगृह आठवते. जबलपूर-कटनी रस्त्यावरच्या पनागरला त्यासाठी फक्त हिवाळा लागतो. जबलपूर जिल्हा मटारसाठी प्रसिद्ध. शेंग खुडली, की दाण्यातली साखर स्टार्चमध्ये बदलू लागते. म्हणून बांधावर सोललेल्या मटारची गोडी दूरच्या बाजारात पोहोचत नाही. जोडीला पेरू, मुळा, तिखटमीठ आणि थंडीच्या सुरुवातीला आलात, तर तळ्यातले कोवळे शिंगाडेही. मुलांना शिंगाडा दातांनी मात्र सोलू देऊ नका. सालीला चिकटून तळ्यातले जंतू पोटात जाऊ शकतात. तो स्वच्छ पाण्याने धुऊन सुरीनेच सोलावा. दूध-तूप नाही, फोडणी नाही, तरी पोट भरते. निघताना घरासाठी शेंगा घ्याव्यात आणि त्याच संध्याकाळी सोलाव्यात.