गाडीचं छत

आमच्या परसात एक जुनी बारा सीटची मिनीबस उभी आहे. उभी म्हणजे विटांवर. टायर कधीच गेले. नातेवाईक तिला ‘मास्तरांचा बंगला’ म्हणतात. (आत्या, हे नाव तूच सुरू केलंस, विसरू नकोस.)

निवृत्त झाल्यावर बाबांनी ती सेकंडहँड घेतली. मागच्या सीटा काढून झोपायला दोन फळ्या बसवल्या, एक छोटी शेगडी, पाण्याचा कॅन, सामानाला वर कॅरियर. आई-बाबा त्यातून हंपी, बदामी, तिरुपती करून आले. आई गेली आणि गाडीचं फिरणंही थांबलं. पण वर्षातून एकदा तिचं अजूनही घर होतं. आषाढीला.

पंढरपूरबाहेरच्या मंडळींसाठी थोडं सांगतो. 2011 च्या जनगणनेत आमच्या गावाची वस्ती एक लाखाच्या जरा आतच होती. आषाढीला येणारी माणसं त्याच्या कितीतरी पट. मठ, धर्मशाळा, नदीपलीकडच्या 65 एकरांतले तंबू, सगळं भरून जातं. मग घराघरांत वारकरी उतरतात. आमच्याकडे परभणीकडची मंडळी आजोबांच्या वेळेपासून येतात. ते चार दिवस माडी त्यांची, माजघर त्यांचं, आणि घरचे लोक गाडीत.

2020 साली कोणीच आलं नाही. 30 जूनला, दशमीच्या दिवशी, पालख्या एसटीतून आल्या. गावात संचारबंदी होती. अख्खं घर रिकामं, तरी रात्री बाबा उशी घेऊन परसात निघाले. मी विचारलं, तर म्हणाले, “सवय.” सकाळी आले तेव्हा सदऱ्यावर पिवळसर भुगा पडलेला. वर बघितलं, तर छताचं कापड मधोमध सुटून झोळीसारखं लोंबत होतं.

त्या दिवशी मी चार टाचण्या मारल्या. पुढच्या वर्षी आठ. मग डिंक, मग चिकटपट्टी. दर वर्षी दशमीला पुण्याहून यायचं, कापड वर ढकलायचं, द्वादशीला परत जायचं.

गेल्या आषाढीत मात्र बाबांना रात्रभर खोकला. कापड आता उशीपासून हातभर वर आलं होतं. बाबा 78 वर्षांचे, गुडघे गेलेले. यंदा मे महिन्यात मी बोललोच. “बाबा, गाडी भंगारात देऊन टाकू. आणि परभणीकरांना सांगू, यंदा एक खोली आम्हाला लागेल.”

बाबा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, “खोली त्यांची आहे.”

“घर आपलं आहे ना?”

“चार दिवस नसतं.”

यावर काय बोलणार? दोन दिवस आम्ही एकमेकांशी फक्त चहापुरतं बोललो. तिसऱ्या दिवशी मी कुशनवाल्याकडे गेलो. तो बाबांचाच विद्यार्थी निघाला. टाचण्यांचं ऐकून हसला. म्हणाला, “कापडाचा दोष नाही ओ. कापडाच्या पाठीला फोम असतो, तो उन्हानं कुजतो. तुम्ही कितीबी चिकटवा, चिकटणार कशाला? भुग्यालाच की!”

म्हणजे इतकी वर्षं मी भुग्याला टाचण्या मारत होतो :)

मग सगळं रीतसर केलं. कडेच्या पट्ट्या, दिवा काढला. जुनं कापड ओढलं तर कागदासारखं निघून हातात आलं. नाकाला फडकं बांधून ब्रशने हार्डबोर्डवरचा फोम खरवडला. अंगभर पिवळी पूड. एका कोपऱ्यात बोर्ड फुगून काळा पडलेला होता. बाबा दारात खुर्ची टाकून बसले होते. म्हणाले, “वर कॅरियरचे बोल्ट बघ.” बघितले. भोकातून पावसाचं पाणी झिरपत होतं. बोल्ट काढून सिलिकॉन भरलं, ओला तुकडा कापून तिथे नवीन बसवला. हे आधी केलं नसतं तर नवं कापडही गेलंच असतं.

“तुम्हाला माहीत होतं?” मी विचारलं.

“तुझ्या आईने सांगितलं होतं एकदा. मी उद्या बघतो म्हटलं होतं.”

मी काही बोललो नाही. तेही बोलले नाहीत.

कापड पहाटे लावलं, कारण मेच्या उन्हात सोल्युशन बघता बघता सुकतं. कापडाचा फोम आणि बोर्ड, दोन्हीला पातळ हात मारायचा, दारं उघडी ठेवायची, आणि बोटाला चिकटेनासं झालं की मगच कापड टेकवायचं. मधून सुरुवात, तळहाताने कडेकडे. मी घाईने एक टोक खेचायला गेलो, तसा दारातून आवाज आला, “ओढू नकोस रे. बसू दे त्याला.” ओढून ताणलेलं कापड खोलगट जागी पुन्हा सुटतं, हे कुशनवाल्यानेही सांगितलं होतं. बाबांनी ते कुठून शिकलं कोण जाणे. चाळीस वर्षं पोरं सांभाळली, त्यातून असेल.

संध्याकाळी वास गेल्यावर बाबा हळूहळू चढले आणि फळीवर आडवे झाले. बराच वेळ वर बघत होते. मी दारात उभा, निकालाची वाट बघत.

“एक सुरकुती राहिलीय.”

“कुठे?”

“राहू दे. झोप लागेपर्यंत बघायला काहीतरी पाहिजे.”

यंदा द्वादशीची परतीची गाडी मी रद्द केली आहे. दुसरी फळी बरीच वर्षं आईची म्हणून रिकामी होती. बाबांनी परवा स्वतःच तिच्यावरचे डबे खाली काढून ठेवले. परभणीकरांचाही फोन येऊन गेला. नेहमीप्रमाणे, “माउली, येतो आम्ही.”

असो. टाचण्यांची डबी शिल्लक आहे, कोणाला हवी असल्यास कळवा.