सायकली पाठव, पण बघून पाठव

चि. बंटीस,



फोटो मिळाले. 'मालकांनी आठ दिवसांत सायकली न्याव्यात, नाहीतर भंगारात' असा ठराव तुमच्या सोसायटीत झाला आणि तुला आत्या आठवली, हे बरं झालं. आता रागावू नकोस. फोटोतल्या निम्म्या सायकली माझ्या कामाच्या नाहीत. का, ते सांगते.

आधी या सायकली जातात कुणाकडे, ते बघ. शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांप्रमाणे पाचवीपर्यंतची शाळा १ किलोमीटरच्या आत हवी, आठवीपर्यंतची ३ किलोमीटरच्या आत. नववीचं काय, यावर तो कायदा गप्प. हायस्कूल आमच्या वाडीपासून सहा-सात किलोमीटर. मुलींना एसटीचा पास फुकट आहे, पण शाळेच्या वेळेला एसटी तर यायला हवी! इतकी वर्षं मी नववीची हजेरी घेतली. भातलावणी आली की काही मुलींची नावं गैरहजर लागायची आणि दिवाळीनंतर त्यांतली एखादी परत दिसायचीच नाही. 'का गं?' विचारलं की आई म्हणायची, लांब पडतं, अंधार होतो.

बिहारने २००६ साली नववीतल्या मुलींना सायकली द्यायला सुरुवात केली. पुढे कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी अभ्यास करून दाखवलं, की शाळेत नाव घालणाऱ्या मुली तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास वाढल्या आणि सगळ्यात जास्त फरक पडला तो शाळा ३ किलोमीटरपेक्षा लांब असलेल्या गावांत. मला आकड्यांचं नवल वाटलं नाही. वाटलं ते याचं, की एवढी साधी गोष्ट सुचायला तिथल्या सरकारला २००६ उजाडावं लागलं.

आता तुमच्या त्या एकवीस गिअरच्या सायकली. पुढे शॉकअप, मागे शॉकअप, डिस्क ब्रेक. मागे शॉकअप असला की धड कॅरिअर बसत नाही. मग दप्तर आणि येताना आणायचा किराणा ठेवायचा कुठे? गिअरची तार तुटली तर आमच्या बाजारपेठेत मिळत नाही. बारीक तोंडाचा व्हॉल्व्ह असला तर इथल्या दुकानातल्या पंपाने हवासुद्धा भरता येत नाही. अशी सायकल महिनाभर मिरवते आणि मग गोठ्याच्या भिंतीला टेकते. म्हणजे तुमचं भंगार तुमच्या पार्किंगमधून आमच्या गोठ्यात आलं, एवढंच. तुमच्यापैकी काहींना दान केल्याचं समाधान मिळेल. ते मला स्वस्तात विकायचं नाही.

गिअरची साधी सायकल मात्र पाठव. गिअर काढून मागे एकच फ्रीव्हील बसवते आणि चेनच्या कड्या कमी करते. फक्त मागच्या चाकाचा एक्सल जिथे बसतो ती खाच आडवी आहे का, बघ. आडवी असली तर चाक मागे ओढून चेन ताणता येते. उभी असली की चेन ढिली राहते आणि चढावर नेमकी उतरते. सगळ्यात उत्तम म्हणजे २६ इंची साधी लेडीज सायकल, कितीही गंजलेली. गंज घासून जातो. वाकलेली फ्रेम नको. आणि मधली नळी नसलेली सायकल मी मुद्दाम मागते. पोरीची सायकल बाप बाजाराला घेऊन जातो, ही इथली जुनी तक्रार. लेडीज सायकलवर बसायची लाज वाटणारे बाप अजून शिल्लक आहेत. त्या लाजेचा मी बेधडक फायदा घेते.

काम शनिवारी दुपारी, पडवीत. ज्या मुलीला सायकल मिळणार तिने ती स्वतः उघडायची, हा माझा नियम. हब खोलला की आत ग्रीस नसतंच, काळा दगड झालेला असतो. छर्रे ताटलीत काढायचे, रॉकेलने धुवायचे, खड्डे पडलेले फेकायचे, नवीन ग्रीसमध्ये एकेक बसवायचे. मग एक्सलवरचा कोन आवळायचा. जास्त आवळला तर चाक कुरकुरतं, सैल राहिला तर डुगडुगतं. ती पाव फेऱ्याची जाण हातालाच येते, शिकवून येत नाही. चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढायला चिमट्याशी खडू धरायचा आणि चाक फिरवायचं. रिमला जिथे खडू लागतो तिथे त्या बाजूचे आरे किंचित सैल, समोरच्या बाजूचे किंचित घट्ट. परवा एका आठवीतल्या मुलीने खडूच्या खुणा हळूहळू पुसट करत आणल्या आणि मला म्हणाली, "बाई, हे भूमितीपेक्षा सोपं आहे." भूमिती तिला मीच शिकवली होती!

झांबियात 'वर्ल्ड बायसिकल रिलीफ' ही संस्था मुलींना सायकली देते. दणकट, लोखंडी, जड कॅरिअरच्या. पण त्यांचं मला पटलेलं काम वेगळंच आहे: सायकलींबरोबर त्या भागात मेकॅनिकही शिकवून तयार करतात. पंक्चर कोण काढणार, याचं उत्तर नसेल तर सायकल देऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

तेव्हा पैसे गोळा करणार असशील तर नव्या सायकलींसाठी करू नकोस. टायर-ट्यूब, ब्रेक शू, केबली, सोल्युशन, दोन चांगले पंप आणि आरे कसायच्या चाव्या घे. सोळा इंची, बाजूला छोटी चाकं असलेल्या सायकली बालवाडीला देते, पण त्या दोनच पुरेत. आणि सोसायटीच्या अध्यक्षांना सांग, हार-तुरे आणि फोटोचा कार्यक्रम होणार नाही. गरीब म्हणून फोटोत उभं राहायचं आणि मग त्याच सायकलवरून वर्गात यायचं, हे पंधरा वर्षांच्या पोरीला किती जड जातं ते तुम्हाला तिथून दिसत नाही. यायचं तर शनिवारी या, जुने कपडे घालून. हात काळे होतील.

टेम्पोत सायकली एकावर एक आडव्या रचू नकोस, रिमा वाकतात. उभ्या करून दोरीने बांध, मध्ये पोती घाल. कापूरहोळला वळलास की फोन कर, मी फाट्यावर येते.

सुनबाईला आणि पिल्लाला आशीर्वाद.

तुझी आत्या

ता. क. फोटोत डावीकडे कोपऱ्यात ती काळी, मोठ्या चाकांची, रॉड ब्रेकवाली दिसते आहे, ती कुणाची? ती आधी पाठव.