टायब्रेकर धरायचा की नाही?

अर्जेंटिनाने २०२२ चा वर्ल्ड कप जिंकला, असं माझं मत आहे. तुम्ही म्हणाल, यात मत कसलं, सगळ्या जगाने पाहिलं. पण कोल्हापुरात मंगळवार पेठेत एक माणूस आहे, त्याला हे मान्य नाही. आणि त्याला मान्य नाही म्हणून माझी एक पैज आजतागायत बुडीत खात्यात पडून आहे. पैशाची असती तर केव्हाच सोडून दिली असती. पैज बोलीची होती, म्हणून सुटत नाही.

मी साखरखेर्ड्याचा. तालुका सिंदखेडराजा, जिल्हा बुलढाणा. आमच्याकडे कबड्डी, व्हॉलीबॉल, आणि सोयाबीन निघालं की रिकाम्या वावरात टेनिस बॉलचं क्रिकेट. फुटबॉल म्हणजे टीव्हीवरचा मेस्सी, एवढीच ओळख. एम.एस्सी.ला शिवाजी विद्यापीठात नंबर लागला, मंगळवार पेठेत एका घरात माडीवर खोली मिळाली. घरमालकांचा मुलगा माझ्याच वयाचा. वजन जेमतेम पन्नास किलो, म्हणून सगळे त्याला पैलवान म्हणायचे.

पैलवान पाटाकडील तालमीचा. म्हणजे पीटीएमचा. ज्यांना कोल्हापूर माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: या शहरात फुटबॉल संघ तालमींचे आणि तरुण मंडळांचे आहेत. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब. कुस्तीच्या लाल मातीतून उठलेली मंडळी बूट घालून राजर्षी शाहू स्टेडियमवर उतरतात आणि दुपार कलली की अर्धी पेठ दुकानाचं शटर खाली ओढून पायऱ्यांवर जाऊन बसते. माणूस कोणत्या संघाचा हे त्याच्या घराचा पत्ता सांगतो. तिथं आवडनिवड हा प्रकार नाही.

मी जेवायचो ती खानावळ शिवाजी पेठेत होती. खानावळवाले काका शिवाजी तरुण मंडळाचे. झालं! राहायला पीटीएममध्ये, जेवायला शिवाजीमध्ये. काका ताटात आमटी वाढताना विचारायचे, "काय रे, मंगळवारातनं आलास न्हवं? रडत्यात काय अजून?" आणि घरी परतलो की पैलवान जिन्यातच गाठायचा, "शिवाजीवाल्यांनी मीठ तरी घातलंतं काय आज? का त्ये पण हरून आलेत?" दोघंही एकमेकांच्या संघाला जे बोलायचे ते छापता येणार नाही. पण काकांच्या घरी दुखणं आलं तेव्हा रात्री गाडी घेऊन पहिला धावला तो पैलवान. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. शहरात कधी कधी याच ईर्ष्येतून हुल्लडबाजी होते, दगडफेक होते, सामने थांबवायची वेळ येते, तेही खरं आहे. दोन्ही खरंच आहे, काय करणार.

आता माझ्या बोलीकडे येतो. पहिल्याच आठवड्यात काकींनी भाकरी हवी का विचारलं आणि मी म्हणालो, "हौ." सगळी पंगत हसली. "मले भात नका वाढू" म्हणालो, तर पुन्हा हसली. त्याच काकी स्वतः म्हणायच्या, "मी जेवलो, आता जरा पडतो." आमच्याकडे बाईमाणसाने असं म्हटलं तर गाव गोळा होईल, पण मी हसलो का? नाही. मी पाहुणा. माझं नाव वऱ्हाड पडलं. मी आत शिरलो की कोणीतरी ओरडायचं, "आलं बग वऱ्हाड, अक्षता वाटा!" पैलवान तर मला नागपूरकरच समजायचा. सुट्टीहून परत आलो की पिशवीत संत्री शोधायचा. अरे बाबा, नागपूर आमच्या गावापासून तीनशे किलोमीटरच्या वर आहे, आम्हाला जालना जवळ! पण कोल्हापूरच्या नकाशात पुण्याच्या पलीकडे सगळं नागपूरच.

मीही काही गप्प बसणारा नव्हतो. त्याने एकदा विचारलं, "तुमच्या गावात कदी काय झालंय तरी काय?" मी सांगितलं, १७२४ मध्ये निजामाने मुबारिजखानाला आमच्या गावाजवळ हरवलं, गावाला फत्तेखेर्डा नाव दिलं आणि त्या एका लढाईवर हैदराबादचं राज्य उभं राहिलं. त्याने शांतपणे विचारलं, "फुल टाइमात हरवलं का टायब्रेकरवर?" मग मी शेवटचं अस्त्र काढलं. म्हटलं, आमच्या तालुक्याचं ठिकाण सिंदखेडराजा, म्हणजे जिजाऊंचं माहेर. महाराज आमचे भाचे. तुम्ही दोन्ही पेठा आमच्या भाच्याची प्रजा, तवा मामाशी नीट बोलायचं. त्या दिवशी मात्र काकांनी मला एक वाटी तांबडा रस्सा जास्त वाढला.

नोव्हेंबर २०२२ मध्ये वर्ल्ड कप लागला आणि चौकाचौकांत मेस्सी, नेमार, रोनाल्डोचे पुढाऱ्यांएवढे फलक उभे राहिले. मी अर्जेंटिनाचा, पैलवान ब्राझीलचा. पाच चांदण्या असलेला पिवळा शर्ट त्याने महिनाभर अंगातून काढला नाही. आणि काका? तेही ब्राझीलचे! याच्यातच पुढच्या अन्यायाचं मूळ आहे.

२२ नोव्हेंबरला भर दुपारी सौदी अरेबियाने अर्जेंटिनाला २-१ असं हरवलं. पूर्वार्धातच आमचे तीन गोल ऑफसाइड ठरले. त्या संध्याकाळी खानावळीत माझ्या ताटात कोणी खजूर ठेवले ते मी सांगत नाही. त्या रागात मी पैज लावली. अर्जेंटिना वर्ल्ड कप जिंकली, तर पैलवानाने एक अख्खा दिवस माझ्या बोलीत बोलायचं: घरात, खानावळीत, चहाच्या गाड्यावर आणि स्टेडियमच्या पायऱ्यांवर. "काहून बे", "मले", "तुले", "येऊन राहिलो", सगळं. हरली तर मी आठवडाभर पिवळा शर्ट घालून विद्यापीठात जायचं आणि साऱ्या गल्लीला मिसळ चारायची. काका साक्षीदार.

९ डिसेंबरला ब्राझील क्रोएशियाकडून गेली. जादा वेळेत नेमारचा गोल, ११७ व्या मिनिटाला पेटकोविचची बरोबरी, मग पेनल्टींवर २-४. पैलवान भिंतीला टेकून बसला आणि म्हणाला, "हरलो न्हाई आमी. मॅच एक-एक. टायब्रेकर म्हंजे निस्ती लॉटरी." मला वाटलं, दुःखात माणूस काहीही बोलतो. त्याच रात्री उशिरा अर्जेंटिनाने नेदरलँड्सला पेनल्टींवरच काढलं.

१८ डिसेंबर. अंतिम सामना. गल्लीत पडदा लावलेला. पैलवान आणि काका शेजारी शेजारी बसून फ्रान्सच्या नावाने ओरडतायत. मंगळवार पेठ आणि शिवाजी पेठ एका सतरंजीवर! मेस्सी, दि मारिया, २-०. मी मिसळीचे पैसे वाचले म्हणून निवांत. ८० व्या आणि ८१ व्या मिनिटाला एम्बापे. मग १०८ व्या मिनिटाला मेस्सी, ११८ व्या मिनिटाला पुन्हा एम्बापे, ३-३. शेवटच्या घटकेला कोलो मुआनी एकटा गोलवर आला, तेव्हा मार्टिनेझने पाय लांबवला नसता, तर हा लेखच लिहावा लागला नसता. पेनल्टी ४-२. मॉन्टिएलचा चेंडू जाळीत गेला, फटाके लागले, मी नाचलो.

आणि पैलवान उठून, शर्टावरची धूळ झटकून, म्हणाला, "तीन-तीन. मॅच ड्रॉ. पैज क्यान्सल."

मी काकांकडे वळलो. साक्षीदार ना! काकांनी तपकिरीची चिमूट घेतली, आकाशाकडे पाहिलं आणि निकाल दिला, "त्येचं खरं हाय. कागदावर ड्रॉच धरत्यात." वर्षभर ज्याच्या संघाला शिव्या घातल्या, त्याच्याच बाजूने! कारण ब्राझील.

यातली सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे, ते कागदावर बरोबर होते. मी शोधलं. पेनल्टींवर सुटलेला सामना आकडेवारीत बरोबरीतच मोजतात, पेनल्टी फक्त पुढे कोण जाणार किंवा कप कोण उचलणार ते ठरवतात. पण पैज सामन्याची नव्हती, वर्ल्ड कप जिंकण्याची होती! मी मुद्दे मांडले. पेनल्टी येण्याआधी नाणं उडवायचे. १९६८ मध्ये युरोपच्या उपांत्य फेरीत इटली नाणेफेकीवर पुढे गेली आणि कपही घेऊन गेली, त्यांचा कप काय कोणी काढून घेतला? मग गल्लीतलंच उदाहरण दिलं. टायब्रेकरवर जिंकलात की गुलाल उधळता की नाही? तेव्हा म्हणता का, थांबा, कागदावर ड्रॉ आहे, गुलाल पोत्यात भरा? पैलवान म्हणाला, "गुलाल येगळा."

मग मी ठेवणीतला हुकूम टाकला. १७ जुलै १९९४, पासाडेना. ब्राझील विरुद्ध इटली, ०-०. बॅजिओने चेंडू गोलवरून आकाशात मारला आणि ब्राझीलने पेनल्टींवर ३-२ असा कप घेतला. तो त्यांचा चौथा कप. म्हणजे तुझ्या छातीवरच्या पाचांतली एक चांदणी टायब्रेकरची आहे. टायब्रेकर धरायचा नसेल तर ती आत्ता उसव. काकींनी आतून कात्री आणून दिली, आणि मी हे वाढवून सांगत नाही. पैलवानाने छातीवर हात ठेवला, कात्रीकडे पाहिलं आणि म्हणाला, "भावा, इषय हार्ड हाय. इषय कट." झालं. कोल्हापुरात विषय कट म्हटलं की सुप्रीम कोर्टसुद्धा काही करू शकत नाही.

यावर लोक म्हणतात, थट्टा होती, सोड. थट्टाच होती. पण एक सांगा: त्याला एवढं जड काय होतं? दिवसभर "मले-तुले" बोलायचं, त्याने काय अंगाला भोकं पडतात? मिसळ मी आनंदाने चारली असती. तो मिसळही चारायला तयार झाला, गल्लीला नाही, अख्ख्या पेठेला. पण पायऱ्यांवर बसून "काहून बे" म्हणायला तयार नाही. "लोकं हसतील की रं," म्हणाला. मग मी रोज काय करत होतो?

१२ जानेवारीला जिजाऊ जयंतीला त्याला सिंदखेडराजाला आणलं, तिथून घरी. मनात म्हटलं, आता माझ्या मैदानात आलायस. आईने रोडगे आणि वांग्याची भाजी केली. हा जेवला आणि म्हणाला, "मावशी, नाद खुळा!" आई खूश. बाहेर पारावर पोट्टे जमले होते. मला वाटलं, आता याची खेचतील. एक जण पुढे आला आणि म्हणाला, "भाऊ, तुम्ही कोल्हापूरचे? काटा किर्र म्हना ना एकदा." दुसऱ्याने स्वतःच म्हणून दाखवलं. तिसऱ्याने "रांगडा गडी" म्हणून पाठीवर थाप मारली. साखरखेर्ड्याच्या पारावर बसून माझ्याच गावची पोरं त्याला त्याचीच बोली ऐकवत होती, आणि तो पंगतीतल्या नवरदेवासारखा मिरवत होता. मालिकांतून, सिनेमांतून, रीलमधून कोल्हापूर आमच्या गावात माझ्या आधीच येऊन बसलं होतं.

बोलीची अशी थट्टा कोलकात्याच्या फुटबॉलमध्येही आहे. तिथले दोन जुने संघ, मोहन बागान १८८९ चा आणि ईस्ट बंगाल १९२० चा. पूर्व बंगालातून आलेल्यांच्या बोलीला कोलकात्याची मंडळी "बांगाल" म्हणून हसायची, आणि बांगाल त्यांना "घोटी" म्हणून उत्तर द्यायचे. एक संघ जिंकला की कोळंबी, दुसरा जिंकला की इलिश मासा. तिथेही थट्टा बोलीचीच. फरक एवढाच, की ज्यांच्या बोलीला हसत होते त्यांच्याकडे ईस्ट बंगाल हा अकरा जणांचा संघ होता. रविवारी पायऱ्यांवर हसून घ्या, तासाभराने मैदानात उत्तर मिळायचं. आमच्या बोलीला संघ नाही. पैलवान म्हणतो, "तुमच्या फुटबॉलवर तर पिक्चर आला, अमिताभचा." झुंड. नागपूरच्या विजय बारसे यांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतल्या पोरांचा फुटबॉल सुरू केला, त्यावरचा. चांगला सिनेमा आहे. पण तो हिंदीत आहे, आणि नागपूर आमच्यापासून तीनशे किलोमीटरवर आहे, हे मी त्याला किती वेळा सांगू?

कोल्हापूरचा राग मला नाही. तिथं जेवढा हसलो तेवढा गावी हसलो नाही, आणि पीटीएम हरली की मला आता खरोखर वाईट वाटतं. काकांना हे कळवू नका. पैलवान अजून फोन करतो, "काय वऱ्हाड" म्हणतो, मी "बोल बे" म्हणतो, अर्धा तास जातो.

राग आहे तो लिहिणाऱ्यांवर. कोल्हापूरची बोली नायकाच्या तोंडी, साताऱ्याची फौजदाराच्या तोंडी, आणि आमची आली की ती वेंधळ्या गड्याच्या नाहीतर बावळट पाहुण्याच्या तोंडी. मग पायऱ्यांवर "काहून बे" म्हणायला पन्नास किलोंचा पैलवान लाजेल नाहीतर काय? तेव्हा मालिका आणि सिनेमे लिहिणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे: एकदा बुलढाणा जिल्ह्यातला नायक घ्या. त्याला दोन गोल मारू द्या, त्याचं लग्न लागू द्या, आणि त्याला "हौ" म्हणू द्या. मागे हशा वाजवू नका.